फ्रीजवरचा सूर्यास्त

कोल्हापूर, ९ नोव्हेंबर २०२५

चि. अनेकांत,

अनेक आशीर्वाद. यातला एक राग शांत होण्यासाठी, बाकीचे नेहमीचे.

तू 'मगदूम परिवार' हा ग्रुप सोडलास, ही बातमी मला फोनने दिली. माणूस घर सोडतो तेव्हा निदान दार वाजतं. इथं नुसती एक करडी ओळ, आणि तिच्या खाली लगेच तुझ्या काकांचं सुप्रभातचं गुलाबाचं फूल. म्हणजे किती जणांच्या लक्षात आलं ते समज. तुझ्या आईच्या मात्र आलं. आक्काने मला शाळेतून परस्पर घरी बोलावून घेतलं, फोन पुढ्यात धरला आणि म्हणाली, "धवल, ह्येचा अर्थ सांग." अठ्ठावीस वर्षं संस्कृत शिकवतोय, 'अनेकांत लेफ्ट' या दोन शब्दांवर भाष्य करायची वेळ कधी आली नव्हती.

म्हणून हे पत्र. हाताने लिहून, फोनच्या स्कॅनरने ओढून मेल करतो आहे. कडेला अंगठा दिसला तर ती माझी सही समज.

आधी गुन्ह्याची नोंद. गेल्या रविवारी तू आईला व्हिडिओ कॉल केलास. तुझे पाच वाजले होते. मागच्या खिडकीत काळोख, पुढ्यात आमटीभात, हातात घास. आक्काने विचारलं, "तिथं दिवस मावळला न्हाय अजून?" तू म्हणालास, "सव्वा तास झाला." आणि घास तोंडात घातलास! अरे, खिडकीचा पडदा ओढला असतास, कॅमेरा वळवला असतास, गेलाबाजार नेटवर्क गेलं असतं. तुझ्या वयाच्या मुलांना यातलं सगळं येतं. आक्काने फोन ठेवला. नंतर तू सात वेळा फोन केलास, तिने घेतला नाही, आणि तू ग्रुप सोडलास. तिच्या फोनचा आणि त्या ग्रुपचा संबंध काय, हे मला अजून उमगलेलं नाही.

तुझी बाजू मला पोचली आहे. सकाळी अंधार, म्हणून उपाशी निघतोस. अकराला कॅन्टीनमध्ये उकडलेले बटाटे. चारला सुटतोस तेव्हा पुन्हा अंधार. "मामा, घरी येऊन काय भिंत चाटू?" असं तू लिहिलंस. नको चाटू. तिकडच्या भिंती थंड असणार.

पण नेम तू घेतलायस. मे महिन्यात निघायच्या आदल्या दिवशी, बस्तीत, जिनमूर्तीसमोर, आईचा हात डोक्यावर असताना. 'सूर्य मावळल्यावर अन्न घेणार नाही.' आणि जूनमध्ये याच नेमाची मजा कुणी केली? फिनलंडात, ओउलूला, रात्री अकराला ऊन असतं म्हणून अकराला तूपभात वाढून घेऊन फोटो पाठवलेस. खाली ओळ: 'नेम पाळतोय.' आख्खी गल्ली हसली. आक्काही हसली, पण पदराआड. तेव्हा सूर्याने तुला उधारीवर दिवस दिला होता. आता तो वसुलीला आलाय, तर तू दार लावून घेतोस.

तिच्याशी बोल. तुझं नाव मीच ठेवलं आहे. वस्तूला अनेक बाजू असतात हे आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. आक्काला खिडकीची एक बाजू दिसली, तुला दुसरी. यात ग्रुपने काय केलं?

तुझा,
मामा

कोल्हापूर, २३ नोव्हेंबर २०२५

चि. अनेकांत,

तुझं उत्तर मिळालं. सहा ओळी. त्यातल्या चार फिनलंडच्या हवेबद्दल, एक बटाट्यांबद्दल आणि शेवटची ही: 'पंधरा डिसेंबरचं तिकीट बघतोय, परत येतो.'

ये की! तुझा उमेदवारीचा काळ एकतीस डिसेंबरला संपतो. सोळा दिवस आधी पळून येणं म्हणजे नवव्या महिन्यात 'नको बाई' म्हणण्यासारखं आहे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तू दोन वर्षं मशीन चालवलंस, रोज म्हणायचास, "मामा, नाव पाच ताऱ्यांचं आणि डोक्यावर पत्रा." आता जिथं आहेस तिथं दुपारी तिनाला चांदण्या दिसतात. आणखी काय हवं?

येऊन काय सांगणार आहेस? 'मी जेवणासाठी परत आलो'? दाजी दुकानातलं गिऱ्हाईक थांबवून ऐकतील. आक्का ऐकणार नाही, कारण ती तुझ्याशी बोलत नाही. ती माझ्याशी बोलते. रोज. परवाचा संवाद जसाच्या तसा देतो.

"मी त्याच्याशी बोलत न्हाय."

"बरं."

"पण जेवतोय का ते इचार."

"तूच विचार की."

"मी बोलत न्हाय म्हटलं न्हवं? कान गेलं का तुजं?"

"विचारतो."

"आन् मी इचारलं म्हणून सांगू नको."

तर अनेकांत, तू जेवतोस का? हे मी विचारतो आहे.

मागच्या आठवड्यात तिने माझ्याकडे तुझ्या गावच्या सूर्यास्ताचं कोष्टक मागितलं. "कवा मावळतोय ते आमाला कळाय नको?" म्हणाली. मला बरं वाटलं. म्हटलं, बर्फ वितळतोय. मोबाइलमध्ये बघून महिन्याभराच्या वेळा पांढऱ्याशुभ्र कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवून दिल्या. वर लाल शाईने मथळा: 'ओउलू-पञ्चाङ्गम्'. आज पावणेतीन, पुढच्या रविवारी अडीच, असं करत डिसेंबरात दोनवर. कागद फ्रीजवर आहे, दुधाच्या बिलाशेजारी. येणाऱ्याजाणाऱ्याला ती तो दाखवते. परवा शेजारच्या संयोगितावहिनी वाचून म्हणाल्या, "आगं बया, दोनाला? आन् मग धुणं कवा वाळतं?"

आक्काची तब्येत ठीक आहे. जराशी बारीक झाली आहे. या वयात बायका त्यासाठी जिमला पैसे भरतात, तेव्हा तू त्यात पडू नकोस.

तिकीट काढू नकोस.

मामा

कोल्हापूर, ७ डिसेंबर २०२५

चि. अनेकांत,

आज विनोद करणार नाही. केलाच तर तो सवयीचा दोष समज.

मागच्या पत्रात मी 'ठीक आहे' असं लिहिलं. ते खरं नव्हतं. मला तेव्हा पूर्ण माहीत नव्हतं, पण जेवढं दिसत होतं तेवढंही मी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी विमानात बसला असतास.

परवा शुक्रवारी आक्का लक्ष्मीपुरीच्या बाजारात चक्कर येऊन पडली. मी बरोबर होतो. संध्याकाळचे सहा वाजत आले होते. मेथीची जुडी हातात घेऊन ती "ही कोवळी न्हाय" म्हणाली आणि खाली बसली, आणि मग बसलेलीही राहिली नाही. मी 'आक्का, आक्का' करत उभा. मेथीवालीच धावली. मला ओरडली, "आवो पावणं, बघत काय ऱ्हायलाय? त्यास्नी साखर द्या की! त्वांड बघा, उपाशी हाईत त्या!" शेजारच्या गाड्यावरून उसाचा रस आणला. आक्काने अर्धवट शुद्धीत तोंड मिटून घेतलं. दिवस मावळत होता ना! मेथीवालीने सरळ तिचं नाक दाबलं आणि रस पाजला. माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या विद्येपेक्षा ते दोन घोट जास्त कामाला आले.

इस्पितळात डॉक्टर रागावले. "मधुमेहाच्या गोळ्या घेता आणि दुपारपासून पोटात काही नाही? कुठलं व्रत आहे हे?" मी म्हणालो, आमच्यात सूर्यास्तापूर्वी जेवतात, पण हल्ली तो सहाला असतो, ही तर पाच-साडेपाचला जेवते. मग दाजींनी तोंड उघडलं. तुझे वडील वर्षाला साधारण चार वाक्यं बोलतात. त्यातलं या वर्षाचं तिसरं होतं:

"फ्रीज बघ."

घरी येऊन बघितलं, तर कागदावर वार-तारखेप्रमाणे एकेक वेळ पेन्सिलने खोडलेली होती. पावणेतीन, अडीच, सव्वादोन. तिने तुझ्या सूर्यावर जेवायला सुरुवात केली होती. दोन वाजता सूर्य मावळतो म्हणजे दोनच्या आत शेवटचा घास, मग दुसऱ्या दिवशीपर्यंत काही नाही. इथलं ऊन अंगणात लख्ख पडलेलं असताना, दाजी समोर बसून जेवत असताना. मी विचारलं, "कशासाठी हे?" तर म्हणाली, "पोरगं तिथं उपाशी झोपतंय, आन् मी हितं भाकरी मोडू व्हय? नेम मीच दिलता. मग मी बी त्याच्याच घड्याळावर."

एवढं सगळं चालू असताना ती तुझ्याशी बोलत नव्हती. तुझी आई आहे. मला विचारू नकोस.

आता माझं. हे लिहायला मी दोन दिवस घेतले. तुझा नेम आक्काने दिला खरा, पण शब्द माझे होते. तिने साधं सांगितलं होतं, "बाळ, रात्रीचं खाऊ नको, जमंल तेवढं." मला ते फार बोडकं वाटलं. बस्तीत चार माणसं जमली होती. मी रात्र जागून एक ओळ रचली आणि तुझ्याकडून म्हणवून घेतली: 'यत्र यत्र वसेयं वै तत्र साक्षी दिवाकरः'. जिथं जिथं राहीन, तिथला सूर्य साक्षी. लोकांनी माना डोलावल्या. त्यातला 'वै' तर नुसता आठ अक्षरं भरायला घातला होता. 'जमंल तेवढं' हे मात्र कुठेच बसलं नाही, म्हणून गाळलं.

आणि आणखी एक. या नेमाला पायऱ्या असतात. कुणी फक्त धान्य सोडतं, दूध-फळं घेतं. कुणी पाणी आणि औषध घेतं. ज्याची जेवढी शक्ती तेवढं. हे मला माहीत होतं. मी तुला पायऱ्या दाखवल्याच नाहीत, थेट गच्चीवर चढवलं आणि खाली उभा राहून टाळ्या वाजवल्या.

मी तुला 'येऊ नकोस' म्हणत होतो. आता ते म्हणायचं तोंड मला नाही. आक्का आजही कागदाप्रमाणेच जेवली, पावणेदोनला. डॉक्टरांचं ऐकत नाही, माझं तर नाहीच. म्हणते, "त्यो जेवला की मी जेवीन." तुला काय करायचं ते तू ठरव. पण काहीतरी कर.

धवलमामा

कोल्हापूर, १० डिसेंबर २०२५

चि. अनेकांत,

तुझा निरोप काल दुपारी मधल्या सुट्टीत वाचला. संपूर्ण निरोप असा: 'मामा, माझे दोन म्हणजे तुमचे साडेपाच. हे तुमच्यापैकी एकालाही कळलं नाही?'

मी शिक्षकांच्या खोलीत होतो. भूगोलाचे उदयसिंह सर शेजारी डबा खात होते. त्यांना विचारलं, फिनलंडात दोन वाजले की आपल्याकडे किती? ते घास न गिळताच म्हणाले, "साडेपाच. का?" का, ते मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शाळेत मला राहता आलं नसतं. मुलांना घटका, पळं, प्रहर शिकवतो मी! मथळा लाल शाईने रंगवला, त्यातल्या 'ञ्च', 'ङ्ग'चा परसवर्ण चुकू दिला नाही, आणि घड्याळ कुठलं ते लिहायचं राहिलं.

पुढच्या तासाला दांडी मारून तडक आक्काकडे गेलो. दाराच्या आत पाय टाकायच्या आधी सांगून टाकलं. ती कणीक मळत होती.

"म्हंजे?"

"म्हणजे त्याच्याकडे दोन वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेपाच झालेले असतात."

"त्ये मला म्हाईत हाय. फोन करताना साडेतीन तास मोजत न्हाय व्हय मी?"

"मग?"

तिने कणकेतला हात वर काढला आणि फ्रीजकडे बघितलं.

"तू लिवून दिलंस," ती म्हणाली. "मला वाटलं, मोजूनच लिवलं असशील. शिकलेला मानूस."

ती कणकेच्या बोटांवर मोजायला लागली.

"म्हंजे त्याचा दिवस मावळतोय साडेपाचला. आन् आपला सा वाजता."

"हो."

"म्हंजे मी पैल्यापासनं जेवत होते तवाच जेवायचं हुतं?"

"हो."

"आन् मी मेथीवालीकडनं नाक दाबून घेटलं!" असं म्हणून तिने कणकेचा गोळा परातीत असा आपटला की आतून दाजींनी विचारलं, "काय झालं?" हे या वर्षाचं चौथं वाक्य. आता जानेवारीपर्यंत शांतता.

काल ती पाच वाजता जेवली. दोन चपात्या, पातळ पिठलं, ताक. मी समोर बसून होतो. मला वाढलं नाही.

मामा

ता. क. नेमाच्या पायऱ्यांचंही तिला सांगितलं. ती म्हणाली, "ह्ये तुला मे म्हैन्यात म्हाईत हुतं?" मी हो म्हणालो. त्यानंतर जे बोलली ते मी स्कॅन करणार नाही.

कोल्हापूर, २१ डिसेंबर २०२५

चि. अनेकांत,

हे पत्र खरं तर अनावश्यक आहे, कारण आता तू आणि तुझी आई रोज बोलता आणि मला कुणी काही सांगत नाही. सहा आठवडे मी या घराचा पोस्टमन, वकील आणि आरोपी होतो. गुरुवारी आक्काला विचारलं, "अनेकांत काय म्हणतोय?" तर म्हणाली, "तुला कशाला? बरा हाय त्यो." तरी माझ्या बाजूची नोंद तुझ्याकडे असावी म्हणून लिहितो.

तू तुझ्या त्या यूहा नावाच्या फोरमनकडे घरी यायची रजा मागायला गेलास, एवढं मात्र आक्काकडून कळलं. त्याने कारण विचारलं, तू सगळं सांगितलंस. नेम, काळोख, आई, मेथी. तो ऐकून घेऊन एक शब्दही न बोलता निघून गेला, म्हणून तू नोकरी गेली असं धरून चाललास. आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या मशीनवर वर्तमानपत्रातून कापलेलं सूर्यास्ताचं कोष्टक चिकटवलेलं, आणि दोनची कॉफीची सुट्टी आख्ख्या पाळीला दीडला आणलेली. आक्का म्हणते, "त्यो मानूस बोलत न्हाय म्हनं. तुज्या दाजीवानी हाय, बरा असंल." मी एवढंच म्हणेन, की त्याचंही कोष्टक भिंतीवर आणि माझंही. त्याने कोष्टकाबरोबर सुट्टीही हलवली. मी फक्त मथळा काढला.

म्हणून तुझा दीड वाजतो तेव्हा आमचे पाच. आक्का पाण्याच्या तांब्याला फोन टेकवून बसते. पहिल्या दिवशी तुम्ही दोघं काय बोलणार याची मला धास्ती होती. आठवतं काय बोललात? तू म्हणालास, "आई." ती म्हणाली, "डब्यात काय हाय?" तू म्हणालास, "बटाटा." ती म्हणाली, "सोलून घेतलास का सालासकट?" संपलं! सहा आठवड्यांचा अबोला, एक इस्पितळ, एक न काढलेलं तिकीट, आणि शेवटी बटाट्याचं साल. बटाटा आपल्यात खात नाहीत, हेही तिने त्या दिवशी पोटात घातलं. मी आठवण करून दिली नाही. शहाणपण उशिरा येतं, पण येतं.

आता मुख्य गोष्ट. आक्काने परवा मला बस्तीत नेलं. म्हणाली, "तुजी ओळ मागं घे." मी म्हणालो, घेतलेला नेम असा मागे घेता येत नाही. ती म्हणाली, "नेम न्हाय, ओळ. त्यो 'जमंल तेवढं' म्हणाला हुता असं धर." मूर्तीसमोर उभी राहून तिने स्वतःच सांगितलं, मराठीत, मोठ्याने, सयाजी पुजाऱ्यांना दचकवत: "माझा लेक अंधार पडल्यावर धान्य खाणार न्हाय. दूध पिणार, फळ खाणार, औषध घेणार. थंडीचा देश हाय." वृत्तात अजिबात बसत नव्हतं. पण ऐकायला बरं वाटलं.

त्या संध्याकाळी आमचे आठ वाजले असताना तिच्या फोनवर तुझा फोटो आला. टेबल, त्यावर दुधाचा पेला, मागे तीच खिडकी. काळी कुळकुळीत. मी दाजींकडे बघितलं, दाजींनी माझ्याकडे. आक्काने फोन डोळ्यांजवळ नेला, चष्मा लावला, पुन्हा बघितला. बोटांनी चित्र मोठं केलं. मला वाटलं, ती खिडकीच मोठी करते आहे.

मग फोन माझ्या हातात देत म्हणाली, "साय काढून पी म्हणावं त्याला. खोकला हुईल."

तर, साय काढून पी. आणि ग्रुपवर परत ये. काकांच्या गुलाबांना एकट्याने तोंड देणं मला आता झेपत नाही.

तुझा,
मामा